संप, बांगडे आणि आमचं सरकार

आमच्या घरात एक सरकार होतं आणि एक संघटना. सरकार म्हणजे आमचे हे, शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी. संघटना म्हणजे मी, प्राथमिक शिक्षिका. दोघांचं जेवण एकाच चुलीवर व्हायचं आणि सासूबाई दोन्ही पक्षांना सारखंच वाढायच्या.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या संघटनेने बेमुदत संपाची नोटीस दिली आणि सरकारने जाहीर केलं, आधी नोटीस मागे घ्या, मग बोलू. मुंबईत मंत्र्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं, पण रत्नागिरीत आमच्या ओटीवर ह्यांनीही तेच म्हणायला सुरुवात केली. "एकदा नाक दाबल्यावर तोंड उघडलं, की उद्या जो तो नाक दाबायला येईल. आणि इथे नुकसान कोणाचं? पोरांचं." पोरांचा मुद्दा मला टोचायचा, खोटं कशाला बोलू? पण मी गप्प बसणारी नव्हते. "इतकी वर्षं हात जोडून मागत होतो, तेव्हा कोण बोललं आमच्याशी?" त्यावर ह्यांचं ठरलेलं उत्तर, "साधा अर्ज नीट केला की सरकार ऐकतं." अशा वेळी मला लाटणं कुठे ठेवलंय ते नेमकं आठवायचं.

माझ्या जिवाला खरा घोर निराळाच होता. लग्नानंतरची कितीतरी वर्षं मी राजापूर तालुक्यात, नाटे गावी नोकरीत काढली होती. भाड्याची एक खोली, वातींचा स्टोव्ह, आणि शनिवारची शाळा सुटली की एस.टी. गाठायची धावपळ. मी माझ्याच घरात रविवारची पाहुणी होते. मोठ्या मिनतवारीने रत्नागिरीजवळची शाळा मिळाली होती. आता संपात उतरेल त्याला पुन्हा जुन्या जागी धाडणार, अशी कुजबुज खात्यात सुरू झाली. आणि कोणती शाळा बंद, कोण गैरहजर, हे वर कळवण्याचं काम ह्यांचंच. म्हणजे मला नाट्याला परत पाठवणारा हात रोज माझ्याच हातचं जेवत होता.

त्यात बांगड्यांचं प्रकरण झालं. आमच्या आळीत एक मासेवाली यायची. ती भाव सांगायची, सासूबाई कपाळाला हात लावायच्या. मग ती "चलले मी" म्हणायची. पाटी जड, एकटीने डोक्यावर घेता येत नाही, म्हणून सासूबाईच तिला हात लावायच्या. ती पायरीपर्यंत जायची आणि पदर सारखा करत उभी राहायची. सासूबाई हाक मारायच्या, ती परतायची, सासूबाई पाटी उतरवून घ्यायच्या आणि भाव जुळायचा. वर्षानुवर्षं हेच चाललेलं.

एका रविवारी सासूबाई तापाने आडव्या आणि मी संघटनेच्या बैठकीला. भाव करायला हे बसले. मासेवाली रीतीप्रमाणे रागावली, ह्यांनी पाटीला हात लावून दिला, ती पायरीवर जाऊन उभी राहिली. आणि हे हाताची घडी घालून म्हणाले, "असल्या धमक्या इथे चालायच्या नाहीत. आधी पाटी खाली ठेव, मग बोलू."

ती गेली. नुसती गेली नाही, तर दुसऱ्या दिवसापासून तिने आमची आळीच टाकली. घरोघर डाळ शिजू लागली. शेजारणी आमच्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्याने उसासे टाकू लागल्या.

तापातून उठल्यावर सासूबाईंनी लेकाला समोर बसवलं. "अरे मेल्या, ती खरंच चालली व्हती काय? जायाचं असतं तं पायरीवर थांबली कशाला असती? तू हाक मारशील म्हनून उभी व्हती ना ती!"

"आमची नोटीस म्हणजे दुसरं काय असतं?" मी संधी साधली.

"सरकार म्हणजे मासळीबाजार नव्हे," हे म्हणाले. पण सासूबाई स्वतः जाऊन तिची समजूत घालून बांगडे घेऊन आल्या, तेव्हा त्यातले चार ह्यांनीच मुकाट्याने संपवले.

मुंबईत मात्र कोणी हाक मारली नाही आणि संप सुरू झाला. हे सायकलवरून माझ्या शाळेपर्यंत आले, कुलूप बघितलं, फाटकाशी उभ्या माझ्याकडे न बघता परत गेले. संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "तुझं नाव कळवलंय. पहिलंच."

"कळवायलाच हवं होतं," मी म्हटलं, आणि मागच्या दारी जाऊन मनसोक्त रडले. खोटेपणा करणारा नवरा मला नको होता, पण खरेपणा करणाऱ्याचाही त्या दिवशी भयंकर राग आला.

आणि मग एके दिवशी सरकार बोललं. नोटीस कोणी मागे घेतली नव्हती, संप चालूच होता, तरी बोललं. थोडं दिलं, थोडं लोंबकळत ठेवलं आणि कोणावरही कारवाई करायची नाही असं ठरलं. माझं नाटे टळलं. मी खोबऱ्याच्या वड्या केल्या आणि ह्यांच्यापुढे बशी सरकवत म्हटलं, "बोललं ना तुमचं सरकार?" ह्यांनी एक वडी उचलली आणि पुन्हा बशीत ठेवली.

पुढच्याच आठवड्यात बदलीचा हुकूम आला. ह्यांचा. राजापूर तालुक्यात.

"सूड उगवला मेल्यांनी!" मी कडाडले. "पण तुमच्यावर का?"

ह्यांनी कान खाजवला. "मीच मागितली होती. तुझं नाव कळवलं ना, त्याच दिवशी. तू पुन्हा नाट्याला एकटी... म्हटलं, तालुका तरी एक होईल."

राजापूरची ती जागा कोणालाच नको होती, त्यामुळे विनाचर्चा मंजुरी. साधा अर्ज नीट केला की सरकार ऐकतं, हे अखेर सिद्ध झालं. मी आधी हसले, मग हसता हसता डोळे पुसायला लागले. ह्या माणसाशी मी इतके दिवस तोंड पाडून वागत होते.

ट्रंक घेऊन हे राजापूरच्या गाडीत बसले. खिडकीतून वाकून म्हणाले, "काय गं, तुमच्या संघटनेत अधिकाऱ्यांना घेतात का?"

मी नाही म्हटलं, आणि भर स्टँडवर, चारचौघांसमोर, गाडी हलेपर्यंत त्यांचा हात सोडला नाही.