नदीपलीकडची ग्रेस

ग्योतोकुला मी आणि सुलभाताई भेटलो की चहा गाळून होईपर्यंत ग्रेसचा विषय निघतोच. मूळ किस्से चार-पाचच. पण आता सुलभाताईंच्या मिस्टरांनाही ते पाठ झालेत, आणि शेवटचं वाक्य ते आमच्याआधी म्हणून टाकतात.

मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कॉन्ट्रॅक्टवर जपानला आलेली. सुलभाताई मुंबईच्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, मिस्टरांच्या बँकेच्या पोस्टिंगमुळे इथे. नदीपलीकडे एका जुन्या लाकडी इमारतीत काही परदेशी कुटुंबं फार ओढाताणीत राहतात असं कळलं, म्हणून आम्ही दर शनिवारी तिकडे जायला लागलो.

पहिलंच दार ग्रेसचं. ती घानाची. नवऱ्याची कंबर कारखान्यात कामातून गेलेली, ती स्वतः बेन्तोचे, म्हणजे दुकानात विकायच्या जेवणाचे, डबे भरायला जायची, आणि अबेना नावाची सात वर्षांची मुलगी. आम्ही जुन्या कपड्यांची पिशवी पुढे केली. ग्रेसने एकेक कपडा उलटून पाहिला आणि एक स्वेटर परत दिला. त्याला बटण नव्हतं.

"आमच्या अक्रा शहरात मी झोपडपट्टीत वाढले," ती इंग्लिशमध्ये म्हणाली. "तिथे असे कपडे घेऊन खूप जण यायचे. फोटो काढून जायचे. माझी मुलगी बटण नसलेलं घालणार नाही."

माझे कान गरम झाले. सुलभाताईंनी मात्र सुई-दोरा मागितला आणि तिथेच तातामीच्या चटईवर बसून बटण लावलं. दोरा तोडत मला म्हणाल्या, "बाई बरोबर बोलतेय गं."

* * *

एका शनिवारी ग्रेसच्या दारात कुणीतरी वेगवेगळा न केलेल्या कचऱ्याची पिशवी आणून ठेवली होती. कचरा चुकला की तो परदेशी माणसाचाच, असं शेजाऱ्यांचं ठरलेलं. ग्रेसने पिशवी अंगणात नेली, शेजाऱ्यांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर उपसली. बाटल्यांच्या खाली जपानी मासिकांचा हा गठ्ठा!

मोडक्यातोडक्या जपानीत ती म्हणाली, "एवढं वाचता आलं असतं, तर मी डबे भरत बसले असते का?"

कोपऱ्यातल्या खोलीचे आजोबा पुढे आले आणि मासिकं उचलून घेऊन गेले.

* * *

पुढे ती इमारत पाडायची ठरली. नवं घर बघायला आम्ही ग्रेसबरोबर तीन एजंटांकडे गेलो. परदेशी भाडेकरू म्हटलं की सगळे हसतमुखाने नाही म्हणायचे. मी ऑफिसात सहज बोलून गेले. आमचे मोरी-सान मीटिंगमध्ये वर्षभरात चार वाक्यं बोलले असतील. ते सुट्टी टाकून, खिशात सहीऐवजी मारायचा आपला शिक्का घेऊन जामीन राहायला आले.

त्यांतल्याच एका एजंटने विचारलं, या बाई तुमच्या कोण?

"घराचा करार माझ्या नावावर करा," मोरी-सान म्हणाले. "माझ्या घरी कोण राहतं, हे मालकांना मीच सांगेन."

एजंट आत गेला, मालकांना फोन केला, आणि बाहेर आला तो ग्रेसच्याच नावाचा फॉर्म घेऊन.

* * *

नव्या घराजवळच्या शाळेत पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं. अबेनाच्या हट्टामुळे आम्हीही गेलो आणि मागे भिंतीला टेकून उभ्या राहिलो. मुलं निबंध वाचत होती. विषय होता, 'मी कुणाला मदत करते'.

अबेना उठली आणि खणखणीत जपानीत वाचू लागली. सुलभाताईंना जपानी फारसं येत नाही, म्हणून मी त्यांच्या कानात मराठीत सांगत होते.

"दर शनिवारी आमच्याकडे दोन भारतीय बायका येतात. त्यांची माणसं फार लांब राहतात. एकीला जपानी बोलता येत नाही, दुसरीला शाळेची पत्रंसुद्धा वाचता येत नाहीत. मी त्यांना वाचून दाखवते. आई म्हणते, त्या चांगल्या आहेत, आपण त्यांना सांभाळून घेतलं पाहिजे."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. ग्रेस ताठ मानेने समोर बघत होती. वर्गाच्या बाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, त्या दोघी आज आल्या आहेत का?

सुलभाताईंनी आणि मी हात वर केले.