ठिपक्यांची जोडी

आमच्या पॉमेरियन मादीचा रंग करडा-निळा, आणि त्यावर शाई सांडावी तसे काळे ठिपके. या रंगाला मर्ल म्हणतात हे मला अकोल्याच्या डॉग शोमध्ये कळलं. परीक्षकांनी तिला टेबलावर उभं केलं, दात पाहिले, केसांत बोटं फिरवली आणि म्हणाले, "बांधा सुरेख आहे. पण हा रंग या जातीच्या निकषात बसत नाही."

आम्ही अमरावतीला, घरी परतत होतो. बायको म्हणाली, "तुमीच काहून तोंड पाडून बसले? ते तर मजेत झोपून राहिली."

मला मात्र लागलं होतं. त्यातच शोमध्ये तिघाचौघांनी, असली पिल्लं कधी देता, म्हणून विचारलं होतं. पातूरच्या एका गृहस्थांकडे त्याच रंगाचा नर होता. दोघंही ठिपक्यांचे, म्हणजे पिल्लं आणखी देखणी निघतील, असं मी धरून चाललो. "आंधी डॉक्टरले विचारा," बायको दोनदा म्हणाली. मी विचारलं नाही.

चार पिल्लं झाली. दोन ठिपक्यांची, दोन जवळजवळ पांढरी. पांढऱ्यांपैकी एकीचे डोळे उघडले तेव्हा आत बुबुळांच्या जागी मसुराएवढं काहीतरी दिसलं. मी दोघी पांढऱ्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

"बापाचा रंग कसा होता?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पहिलीच्या डोळ्यांत पुन्हा बॅटरी मारून पाहिली.

"दोन मर्ल एकत्र आणायचे नसतात. दोन्हीकडून तेच आलं की नुसता रंग जात नाही, डोळे-कानही जाऊ शकतात. ही आंधळी आहे." मग त्यांनी दुसरीच्या मागे जोरात टाळी वाजवली. ती माझ्या बुटाची नाडी चावत राहिली.

ठिपक्यांची दोन्ही पिल्लं चांगल्या घरी गेली. पांढऱ्या आमच्याकडेच राहिल्या. बहिरीला बायकोनं हाताच्या खुणा शिकवल्या. तळहात खाली केला की बसायची. तिचा जीव मात्र माझ्यावर. पायावर हनुवटी टेकून झोपायची, म्हणजे मी उठलो की तिला कळायचं.

ती सात महिन्यांची असताना एका रविवारी आम्ही भातकुलीला एका साक्षगंधाच्या कार्यक्रमाला निघालो होतो. फाटकातून गाडी मागे घेताना मी सवयीनं दोनदा हॉर्न दिला. धक्का इतका हलका होता की मला वीट वाटली.

बायकोनं तिला उचललं. नव्या लुगड्यावर डाग पसरत गेला.

"मी हॉर्न देल्ता," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "कोणाले?"

त्या दिवशी आम्ही कुठं गेलो नाही. मागच्या अंगणात खड्डा मी खणला. माती तिनं मला लोटू दिली नाही.

पुढं मादीचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं. पातूरच्या गृहस्थांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वाईट झालं भाऊ. पण मले तर लोकं तोच रंग मागून राहिले." मी बराच वेळ समजावलं. त्यांनी फोन ठेवला.

आंधळी आता तीन वर्षांची आहे. घरातली प्रत्येक चौकट तिला पाठ आहे. मी गाडी काढतो तेव्हा बायको तिला कडेवर घेऊन दार आतून लावून घेते.