शहाळी आणि कोरडी पिशवी

बाबांच्या रक्तात जंतू पसरले आणि त्यांच्या किडन्या संपावर गेल्या. त्या दिवशी आमच्या अख्ख्या खानदानाचा जीव आयसीयूतल्या एका पिशवीत अडकला. लघवीची पिशवी. ती कोरडी होती.

"डायलिसिसची घाई नको," डॉक्टरबाई म्हणाल्या. "किडन्या आपणहून जाग्या होऊ शकतात. मशीनने बीपी अजून पडू शकतं. पोटॅशियम वाढलं किंवा छातीत पाणी भरलं, तर लगेच लावू. संध्याकाळी परत रक्त तपासते."

संध्याकाळी! मी कुकरची शिट्टीसुद्धा धीराने ऐकत नाही. मी भांडले. उरणची आत्या माझ्याहून वरचढ.

"मशीन हाय ना तुमच्याकडं? मंग लावा ना बाय!"

आई बाकावर बसून होती. बाबांना पाणी बंद झाल्यापासून तिनेही घोट घेतला नव्हता.

आत्या मात्र रिकाम्या हाताने आली नव्हती. आजाऱ्याकडे जायचं तर शहाळं हवंच, म्हणून तिने रिक्षाभर आणली होती. ती पाहून डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, शहाळ्यात पोटॅशियमच असतं! तेच वाढू नये म्हणून आम्ही धडपडतोय."

वॉचमन म्हणाला, इथे ठेवायची नाहीत. आत्या म्हणाली, "फेकाची नाय!"

मग काय, आम्ही प्यायलो. काका, चुलत भावंडं, शेजारच्या पेशंटचे नातेवाईक, शेवटी वॉचमनही; आणि सगळेच हसत सुटलो. माणूस घाबरला की त्याला असं खुळ्यासारखं हसू येतं, हे मला तेव्हा कळलं. थोड्याच वेळात सगळं खानदान बाथरूमबाहेर रांगेत उभं! एकट्या बाबांना होत नव्हती, ती आम्हा सगळ्यांना लागली होती.

सिस्टर आम्हाला शोधत तिथेच आली. "तुमच्या पेशंटला लघवी झाली! चांगली होतेय. पोटॅशियमही उतरलंय. मॅडम म्हणाल्या, आज मशीन नको."

आत्याने सिस्टरलाच मिठी मारली. काका रांग सोडून नाचले आणि घाईघाईने परत रांगेत घुसले. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कुणाच्या लघवीबद्दल ऐकलेलं नाही.

आई बाकावरच होती. शेवटचं शहाळं तिने मांडीवर धरून ठेवलं होतं. तिने ते तोंडाला लावलं, एका दमात संपवलं, आणि मग रडायला लागली.