डबा की कंप्यूटर?

दोन गाणंवेडी माणसं आणि त्यांच्यात एक न सुटणारा वाद, एवढं भांडवल असलं की किस्से आपोआप साठत जातात यार! आमच्या दिल्लीतल्या मराठी कंपूत ते दोघं म्हणजे नोएडाचा आयटीवाला दीक्षित आणि लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधले इनामदारसाहेब. जिकडेतिकडे मॉल उगवत होते, कॅसेटी माळ्यावर जात होत्या आणि घरात गाणी कशावर ऐकायची हा प्रश्न पेटला होता.

दीक्षित म्हणे, "कंप्यूटर असताना वेगळा डबा कशाला?" इनामदार म्हणत, "गाण्याला गाण्याचंच मशीन हवं. म्युझिक सर्व्हर! गाणी साठवायची, गाणी वाजवायची, बस!" मी मधला. दोघांकडे चहा पिणारा.

*

दीक्षितकडे रविवारची बैठक. कंप्यूटरवर तोडीचा आलाप. गाणाऱ्या बाई षड्जावर येऊन थांबल्या. खोलीत सन्नाटा. तेवढ्यात स्पीकरमधून दुसरीच बाई ठणकावून म्हणाली, "युवर कंप्यूटर इज ॲट रिस्क!" अँटिव्हायरस!

इनामदार डोळे मिटूनच म्हणाले, "क्या बात है!"

*

मग इनामदारांनी सर्व्हर आणला. काळा, जड, ना स्क्रीन, ना कीबोर्ड, ना पंखा. सतत चालू, म्हणून कायम कोमट. दिल्लीची जानेवारीतली थंडी. मी इनामदारांच्या बायकोला विचारलं, "काय वहिनी, फरक जाणवतो का?"

"बिल्कुल! थंडीत दही लागायचंच नाही हो. आता पातेलं ह्याच्यावर ठेवते. सुरीने कापावं असं घट्ट!"

*

नोएडात सत्यनारायणाला गुरुजी मिळेनात. दीक्षितने शक्कल लढवली: पूजा कंप्यूटरवर! त्याचे वडील, नाना, सोवळं नेसून पाटावर बसले. स्पीकर सांगेल तसं म्हणायचं आणि पळीने पाणी सोडायचं. पण प्लेयर शफलवर, म्हणजे काहीही कुठूनही लावायच्या मोडवर, राहिला होता! संकल्पानंतर लागला मुलीच्या फ्रेंच क्लासचा धडा. बाई म्हणाली, "बोंझूर!"

नानांनी "बोंझूर" म्हणून ताम्हनात पाणी सोडलं.

*

एकदा सर्व्हर मुका झाला. झाकण उघडलं दीक्षितनेच. आत बघतो तर मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क! तो आनंदाने ओरडला, "साहेब, हा तर कंप्यूटरच निघाला!"

इनामदार शांतपणे म्हणाले, "असेल. पण त्याला ते माहीत नाहीये. तू जरा हळू बोल."

*

शेवटी वाद इतका चिघळला की दोघं एकमेकांकडे जाईनात. वहिनींनीच तोड काढली. दीक्षितच्या हॉलमध्ये दोन्ही मशीनं पडद्याआड ठेवायची, दोन्हींवर तोच दरबारी. जे हरेल ते विकून टाकायचं! वहिनी पडद्यामागे गेल्या. हे दोघं सोफ्यावर डोळे मिटून बसले. पंच म्हणून मीही मिटले. दुपारची वेळ, थंडीचे दिवस, त्यामुळे दिवे-पंखे सगळं बंद.

"सुरू करते हं," वहिनी म्हणाल्या.

थोडी शांतता. मग खालून खर्ज उठला. खोल, घुमणारा, अखंड.

"तानपुरा ऐका तानपुरा!" दीक्षितच्या अंगावर काटा आला. "हा माझा कंप्यूटर!"

"छे! असा खर्ज? हा सर्व्हर!" इनामदारांनी मांडीवर थाप मारली.

"माझा!"

"माझा!"

पडदा सरकवून वहिनी बाहेर आल्या. "अहो, लाइट गेलीये. सोसायटीचा जनरेटर आहे तो!"

इनामदारांनी डोळे उघडलेच नाहीत. म्हणाले, "अगं थांब, गवई यायचाय अजून!"