गुरुपौर्णिमेचा चहा

मी तापट बाई. नवरा म्हणाला, "कुंगफू शिक, निदान माझ्यावर तरी डाफरणार नाहीस." म्हणून इथे परदेशात, मरीन परेड वस्तीत, आमच्या इमारतीखाली शिकवणाऱ्या सिफूंकडे, म्हणजे गुरूंकडे, जायला लागले. चिनी ताओ पंथाच्या मंदिरातून गुरू-शिष्य असं करत चालत आलेली त्यांची विद्या. भिंतीवर त्यांच्या गुरूंचे, त्यांच्याही गुरूंचे फोटो. सिफूंनी स्वतः मात्र कुणालाच शिष्य केलं नव्हतं. आम्ही सगळे नुसते शिकायला येणारे. त्यातल्या एका चिनी आंटीचे केस तिथेच पिकले होते. मला धड उभं राहायला शिकवलं तेही तिनंच. सिफूंनंतर गादी तिचीच, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

गुरुपौर्णिमा नेमकी रविवारी आली. मी आपली थर्मासमधून आल्याचा चहा घेऊन गेले. गुरूकडे रिकाम्या हाताने जातं का कुणी? गुडघे टेकून फोटोंना नमस्कार केला, मग सिफूंच्या पाया पडले आणि दोन्ही हातांनी कप पुढे धरला.

आंटीचा चेहरा पांढराफटक पडला. सिफूंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि चहा पिऊन टाकला.

"अगं, काय केलंस हे!" शेजारी उभी असलेली मुलगी कुजबुजली. "गुडघे टेकून चहा द्यायचा, हीच शिष्य करून घ्या म्हणून मागायची रीत. ते प्यायले! आता तू त्यांची पहिली शिष्या."

मी जी भडकले! "रद्द करा हे! मला काय ठाऊक तुमच्या रीती? हा मान आंटीचा आहे. इतकी वर्षं तिला ताटकळत का ठेवलंत?"

"गुडघे टेकून मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, असा माझ्या गुरूंचा दंडक आहे," सिफू म्हणाले. "हिने कधी मागितलंच नाही."

"मला वाटलं, तुम्ही बोलवाल," आंटी म्हणाली.

सिफूंनी रिकामा कप खाली ठेवला. "मला वाटलं, तुला नकोय."

रोज एकाच फरशीवर उभी राहणारी माणसं ही! एवढं एक वाक्य बोलवेना यांना? मी थर्मास आंटीच्या हातात कोंबला. तिने गुडघे टेकले, कप धरला. सिफू प्यायले. हुश्श, सुटले बाई, म्हटलं मी.

पण आंटीने आणखी एक कप भरला आणि माझ्यासमोर गुडघे टेकले.

"अहो आंटी, उठा! हे काय भलतंच?"

"आधी शिष्या झाली ती मोठी बहीण. वय बघत नाहीत इथे," ती म्हणाली. "तू घेतलास तरच माझी जागा पक्की."

तिचे गुडघे दुखतात हे मला ठाऊक होतं. मी तो कढत चहा घटाघटा प्यायले, तोंड पोळलं, आणि तिला उठवताना हमसून हमसून रडले.