सुलूताईंचा काप

उज्जैनच्या माधव नगरातल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत सुलूताई बारा वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली बघायला साध्या ब्लेडने पानांचे काप काढतायत. काप इतका पातळ की काचपट्टीवर शोधावा लागतो. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, पण माझा काप म्हणजे काकडीची चकती. हे ताई मुलांसमोरच सांगतात.

आधी हे काम यज्ञेश्वरकाकांकडे होतं. त्यांचा हात थरथरू लागला तेव्हा त्यांना गेटवर बसवलं. ताई रोज त्यांना नमस्कार करून आत येतात आणि पाण्याचा ग्लास उचलून स्वतःचा हात बघतात.

मार्चमध्ये विभागप्रमुख यशोधन सरांनी बिएनर्टियाची कुंडी आणली. खाऱ्या वाळवंटातलं, मांसल पानांचं झुडूप. मक्याच्याच पद्धतीने साखर करतं, काप काढून ठेवा, एवढंच सांगून ते इंदूरला गेले. मक्याच्या पानात शिरेभोवती मोठ्या पेशींचं वर्तुळ असतं. बाहेरच्या पेशी कार्बन पकडतात, वर्तुळातल्या त्याची साखर करतात. ताईंनी ते हजारदा पाहिलंय.

तीन दिवसांत त्यांनी चाळीस काप काढले. वर्तुळ एकातही नाही. नुसत्या पेशी, आणि प्रत्येकीच्या मधोमध हिरवा गोळा. ताईंना वाटलं, आपल्याच ब्लेडने पेशी चिरडल्या. काचपट्ट्या डब्यात लपवताना मी त्यांना पकडलं.

“हात गेला माझा, मॅडम. सरांना अभी काही बोलू नका. मला गेटवर नाही बसायचं.”

वर्तुळ का नाही, ते मलाही ठाऊक नव्हतं. हे झाड मी तरी कुठे पाहिलं होतं?

सर परतले आणि डबा नेमका त्यांच्याच हाती लागला. ते काचपट्ट्या बघत होते तोवर ताई दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

“वर्तुळ याला नसतंच,” सर म्हणाले. “एकच पेशी दोन्ही कामं करते. कडेला कार्बन पकडते, मधल्या गोळ्यात साखर करते. काप बढिया आहेत.”

हे आधी सांगायला काय झालं होतं? मला त्यांचा भयंकर राग आला.

ताई मात्र हसल्या नाहीत. सर गेल्यावर त्यांनी मक्याचं पान कापलं आणि मला बघायला लावलं. स्वतः पाहिलं नाही.

“आहे ना वर्तुळ?”

वर्तुळ एका बाजूला फाटलेलं होतं.

“पूर्ण आहे,” मी म्हटलं.

हल्ली मी तासभर लवकर येऊन मक्याची पानं कापत बसते. वेळ आलीच तर ताईंच्या डब्यात माझे काप गुपचूप मिसळता यावेत. अजून तरी चकत्याच होतायत.