सुटणारं बाइंडिंग

"नक्को! जे सुटतं त्याला बाइंडिंग म्हणतच नाहीत!"

आमचे बाइंडरकाका फोनवर एवढ्यानं ओरडले, की हैदराबादेत चिक्कडपल्लीतली कबुतरं उडाली ती थेट बेगम बाजारात जाऊन बसली. काकांनी शिवलेलं पुस्तक मूसी नदीला पूर आला तरी सुटत नाही. वकील म्हातारे होतात, त्यांच्या कायद्याच्या पुस्तकांचं पान हलत नाही.

फोनवर त्यांची लेक होती. ती गुलमर्गला स्कीइंग करते. बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या खटक्यालाही बाइंडिंगच म्हणतात, म्हणून कुठलं घेऊ ते तिनं कौतुकानं बापाला विचारलं होतं.

"बाबा, चढताना टाच मोकळी हवी, उतरताना पक्की. आणि पडले तर बूट सुटायलाच हवा, नाहीतर गुडघा जातो."

गुडघा म्हटल्यावर काकांनी हातातली सुई खाली ठेवली. फ्रीजबाहेरचा बर्फ न पाहिलेला हा माणूस मग आठवडाभर खळीचा डबा बंद ठेवून स्कीवरून पडणाऱ्या माणसांचे व्हिडिओ बघत बसला. लेकीला डोंगर चढायला हलकं बाइंडिंग हवं होतं. जड होतं ते वेगात पडल्यावर जास्त भरवशानं सुटायचं.

"जडच घे बेटा," काका म्हणाले. "चढताना दमलीस तर बस घडीभर."

जानेवारीत मी दुकानात असताना तिचा फोन आला. आपटली होती, पण धड होती.

"बाबा, दोन्ही सुटली!"

फोन ठेवून काकांनी सुईत दोरा ओवायला घेतला. चार वेळा चुकला.

"सुटलं की हो काका!" मी म्हणालो.

"हौ. चांगलं बाइंडिंग आहे."